जुनी गाडी, नवी स्क्रीन : आधी टायर-ब्रेक बघा, मग टेप बदला

कोल्हापूर : ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला की घरातली रखडलेली कामं निघतात. कुणाचं छप्पर, कुणाची मोटर, कुणाची जुनी गाडी. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवं काम आलंय. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या अल्टो, वॅगन-आर, इंडिका, नाहीतर बोलेरोतला जुना टेप काढायचा आणि तिथं नऊ इंचाची टचस्क्रीन बसवायची. फोन जोडला की नकाशा, फोनबुक, गाणी सगळं समोर. गाडी २०१० ची, पण आतून नव्या गाडीसारखी दिसते.

यात हौस आहे, पण नुसती हौस नाही. फोन आता गाडीत येणारच आहे. दवाखान्याचा पत्ता, टोलचा फास्टॅग, गाडीची कागदपत्रं, कारखान्याच्या शेती विभागाचा फोन, सगळं त्यातच असतंय. प्रश्न एवढाच की तो फोन एका हातात धरून गाडी चालवायची, का नीट जागी बसवून. पण त्यासोबत दुसराही प्रश्न येतो, आणि तो कुणी विचारत नाही : ज्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेत, जिचे हेडलाईट पिवळे पडलेत, त्या गाडीवर पहिला खर्च स्क्रीनचा करावा का?

जुनी गाडी का टिकून आहे

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, शोरूममध्ये गर्दीही झाली. तरी नवी गाडी म्हणजे पाच-सहा लाखांच्या पुढचा मामला. दोन-अडीच एकरवाल्याला तो हप्ता पेलत नाही. त्यामुळं हातातली गाडी चालवायची, नाहीतर सेकंडहँड घ्यायची, हाच बहुतेकांचा हिशेब.

मात्र जुनी गाडी ठेवणंही फुकट राहिलेलं नाही. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की पासिंग करून पुन्हा नोंदणी लागते, ती पुढं दर पाच वर्षांनी. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांवरच्या चारचाकीसाठी ती १० हजार केली. पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंद झालेल्या गाड्यांना नव्या सुरक्षित नंबरप्लेटचा खर्च आला तो आणखी वेगळा.

म्हणजे जुन्या गाडीवर वर्षाला जो पैसा निघतो, त्यातला बराच कागदावर जातो. उरलेल्या आठ-दहा हजारांचं काय करायचं, इथं स्क्रीनचा नंबर लागतो. म्हणून हा विषय साधा वाटला तरी साधा नाही. तेवढ्याच पैशात टायरही येतात.

काय काय मिळतं, आणि त्यात फरक काय

बाजारात चार पायऱ्या आहेत. पहिली, फोनचा होल्डर आणि सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा चार्जर. काही शे रुपयांत काम होतं. दुसरी, ब्लूटूथचं छोटं यंत्र. जुन्या टेपला ऑक्सची पिन असेल तर तिथं लावायचं, नसेल तर एफएमवर पकडायचं. फोनवरचा नकाशा ‘पुढं उजवीकडं वळा’ म्हणतो ते गाडीच्या स्पीकरमधून ऐकू येतं. फोन आला तर हात न लावता बोलता येतं. माणूस एकटाच गाडी चालवत असेल तर एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

तिसरी पायरी म्हणजे ‘अँड्रॉइड सिस्टीम’. ही स्क्रीन स्वतःच एक टॅबलेट असते. तिच्यात ॲप टाकता येतात, तिला वेगळं इंटरनेट लागतं, नाहीतर फोनचं हॉटस्पॉट. चौथी पायरी म्हणजे ‘अँड्रॉइड ऑटो’, आणि आयफोनसाठी ‘कारप्ले’. ही दोन्ही २०१४ मध्ये जगासमोर आली. यात स्क्रीन नुसती आरशासारखी असते, सगळं काम फोनच करतो. ठराविक ॲपच दिसतात, अक्षरं मोठी असतात, आणि गाडी पळत असताना व्हिडिओ लागत नाही.

दुकानात ‘अँड्रॉइड आहे का?’ विचारलं की ‘हो’ म्हणतात. पण अँड्रॉइड सिस्टीम आणि अँड्रॉइड ऑटो या दोन वेगळ्या गोष्टी. काही स्वस्त सिस्टीममध्ये अँड्रॉइड ऑटो असतंच असं नाही, असलं तरी धड चालत नाही. खोक्यावर चार जीबी रॅम छापलेली असते, आत दोनच निघते. म्हणून पैसे द्यायच्या आधी स्वतःचा फोन दुकानातच जोडून बघावा. केबलनं जोडायचं असेल तर केबल डेटाची लागते, नुसती चार्जिंगची चालत नाही. बिनतारी जोडायचं असेल तर बहुतेक फोनवर अँड्रॉइड ११ किंवा त्याच्या पुढचं लागतं. फोन फार जुना असेल तर गाडीची स्क्रीन नवी घेऊन उपयोग नाही.

जागेचाही हिशेब आहे. जुन्या गाड्यांत टेपची खाच एकपट असते, म्हणजे साधारण १८ सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर उंच. काही गाड्यांत ती दुप्पट उंचीची असते. नऊ इंची स्क्रीनला त्या गाडीची वेगळी फ्रेम लागते. ती मिळाली नाही की काही ठिकाणी डॅशबोर्ड कापतात. एकदा कापला की तो परत जुळत नाही, आणि गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच बघतं.

खरी गोम वायरिंगमध्ये

स्क्रीन दिसते, वायर दिसत नाही. गाडीचं नुकसान बहुतेक न दिसणाऱ्या बाजूनंच होतं.

टेपच्या मागं साधारण तीन मुख्य वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीची, कायम चालू. लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी. काळी अर्थिंगची. पिवळीचं काम घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायचं, लालचं काम स्क्रीन चालू-बंद करायचं. घाईत दोन्ही एकत्र जोडल्या तर चावी काढली तरी स्क्रीन आतून जागीच राहते.

याचा हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासाची. स्क्रीन बंद दिसत असताना आत ०.१ अँपिअर खात असेल, तर दिवसाला २.४ आणि आठवड्याला जवळजवळ १७ अँपिअर-तास जातात. म्हणजे गाडी आठ दिवस दारात उभी राहिली की निम्मी बॅटरी गेली. शेतकऱ्याची गाडी रोज कुठं निघते? लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला. आणि रात्री दोनला कुणाला घेऊन सीपीआरला जायची वेळ आली की सेल्फ मारतच नाही. मग शिव्या बॅटरीला बसतात, चूक जोडणीची असते.

दुसरा धोका आगीचा. कंपनीची वायर तोडून, पीळ देऊन, वरनं टेप गुंडाळली की काम झालं असं समजतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो पीळ सैल होतो, सैल जोड तापतो. स्क्रीनसोबत मोठा ॲम्प्लिफायर आणि मागं डबा-स्पीकर बसवला की जुन्या वायरवरनं जास्त करंट जातो. फ्यूज उडायला लागला म्हणून कुणी मोठा फ्यूज घातला, नाहीतर तार गुंडाळली, तर फ्यूजऐवजी वायर जळणार. त्या गाडीला गॅसकिट असेल तर पुढचं सांगायला नको.

उपाय महाग नाही. बहुतेक गाड्यांना त्यांच्या मापाचं कपलर मिळतं. ते लावलं की मूळ वायर कापावी लागत नाही. काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एवढंच सांगायचं : कपलर लावा, योग्य अँपिअरचा फ्यूज घाला, आणि गाडी बंद करून मीटरवर करंट किती जातोय ते दाखवा. जो दाखवायला तयार आहे त्याच्याकडनं काम करून घ्यावं.

हँडब्रेकच्या वायरीची चलाखी

बऱ्याच स्क्रीनला एक जादा वायर असते. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ लागावा, ही त्यामागची योजना. पण ‘गाडीत पिक्चर लागला पाहिजे’ असं गिऱ्हाईक म्हणतं, म्हणून बसवणारा ती वायर स्विचला न जोडता सरळ बॉडीला अर्थ करतो. स्क्रीनला वाटतं हँडब्रेक कायम ओढलेलाच आहे. गाडी ऐंशीनं पळत असते आणि समोर मॅच चालू असते.

ही कल्पना नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरीचा चालक मोबाईलवर क्रिकेट बघत बस चालवत असल्याचा व्हिडिओ प्रवाशानंच काढला. चालकाला कामावरून काढलं गेलं, बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीला दंड झाला. तिथं मागं प्रवासी होते म्हणून व्हिडिओ निघाला. घरच्या गाडीत, वडापच्या जीपमध्ये व्हिडिओ कोण काढणार?

डोळे कुठं आहेत, हा खरा प्रश्न

होल्डरला फोन लावला, हातात धरला नाही, म्हणजे धोका संपला असं बऱ्याच जणांना वाटतं. परदेशात याची मापं काढलीत. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये एका वाहतूक संशोधन संस्थेनं चालकांची चाचणी घेतली. अँड्रॉइड ऑटो बोट लावून वापरताना चालकाला प्रतिक्रिया द्यायला ५३ टक्के जादा वेळ लागला, कारप्ले बोटानं वापरताना ५७ टक्के. तोंडानं सांगून वापरलं तर ही वाढ ३० आणि ३६ टक्क्यांवर आली. आणि तिकडच्या कायद्याच्या मर्यादेइतकी दारू प्यायलेल्याची वाढ १२ टक्के. अमेरिकेत २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात गाडी चालवताना नकाशात पत्ता घालायला सरासरी ४० सेकंद लक्ष तिकडं जातं असं दिसलं.

हे आपल्या रस्त्यावर आणून बघा. ताशी ६० किलोमीटरनं चाललेली गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडं बघितलं तर ३३ मीटर, म्हणजे जवळजवळ ११० फूट, न बघता पुढं. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर एवढ्यात सहज मावतो. ४० सेकंद म्हणजे साडेसहाशे मीटरच्या वर. कोल्हापूर-गगनबावडा असो, कोल्हापूर-राधानगरी असो, नाहीतर शिरोळ-हातकणंगलेकडचे रस्ते, गळीत हंगामात रात्री इथं काय असतं हे सांगायला नको. मागं दिवा नसलेली ट्रॉली, रिफ्लेक्टर धुळीनं झाकलेला, वाढं लोंबत असलेली, आणि कडेला बैलगाडी. डोळे रस्त्यावर असले तरी ती ट्रॉली उशिरा दिसते. डोळे स्क्रीनवर असतील तर दिसतच नाही.

अंधारात आणखी एक अडचण. मोठ्या स्क्रीनचा उजेड डोळ्यावर पडला की बाहेरचा अंधार जास्त गडद वाटतो. बऱ्याच सिस्टीममध्ये गाडीचे दिवे लावले की स्क्रीन मंद होण्याची सोय असते, पण त्यासाठीची वायर जोडावी लागते. ती जोडली जात नाही, कारण कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे ज्यांनी मोठ्या स्क्रीनची फॅशन आणली त्या देशांतच आता चाक उलटं फिरतंय. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेनं २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर अशा कामांना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण अशी भूमिका घेतलीय. जुन्या अल्टोत ही बटणं आधीपासूनच आहेत. तेवढ्या बाबतीत जुनी गाडी नवीच म्हणायची.

कायदा काय म्हणतो

चालवताना फोन हातात धरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर १० हजारांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात एक सूट आहे : रस्ता बघण्यासाठी, म्हणजे नकाशासाठी, फोन वापरता येतो, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. म्हणजे होल्डरवर नकाशा चालतो, सिग्नलला थांबून हातात घेतलेला व्हॉट्सॲप चालत नाही.

गाडीत मोठे बदल करायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कलम ५२ वर निकाल देताना सांगितलंय. टेपच्या जागी टेप बसवणं हे गाडीचा साचा बदलण्यासारखं नाही. पण स्क्रीनसोबत डोळे दिपवणारे एलईडी, काळ्या काचा, कर्कश हॉर्न असा सगळा थाट केला तर पावती फाटणारच.

याच कायद्यानं एक सोयही दिलीय. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवलं तर चालतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात भिजलेल्या झेरॉक्सपेक्षा ते बरं.

नकाशाला बंधारा कळत नाही

फोन जोडायचं मोठं कारण नकाशा. बाहेरच्या जिल्ह्यात दवाखाना शोधायला, मुलीसाठी स्थळ बघायला जाताना त्याच्यासारखा सोबती नाही. पण आपल्या भागात त्याच्या दोन उणिवा जिवावर बेततात.

पहिली पाण्याची. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात. गावातल्या पोरालाही हे माहीत असतं. नकाशाला ते कळेलच असं नाही. त्याला तो जवळचा रस्ता वाटतो. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात हेच झालं. रात्री नकाशा बघत निघालेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. दोघे पोहून बाहेर आले, एक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी रामगंगेत कोसळली, तिघे गेले. तिथंही नकाशा लावलेला होता असं समोर आलं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद झाला होता. अशा वेळी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हा आकडा स्क्रीनवरच्या निळ्या रेघेपेक्षा खरा.

दुसरी उणीव घाटाची. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला तो वर्षाच्या वर बंद होता. चंदगडकडून दोडामार्गला उतरणारा तिलारी घाट नकाशात जवळचा दिसतो, पण त्याचा उतार आणि वळणं जुन्या ब्रेकची परीक्षा बघतात. वर गगनबावडा, राधानगरीचा दाजीपूरकडचा भाग, शाहूवाडी, चंदगड इथं रेंज मध्येच जाते. म्हणून त्या भागाचा नकाशा घरून निघतानाच डाऊनलोड करून ठेवायचा. ऑफलाईन नकाशाला रेंज लागत नाही, जीपीएस आकाशातून मिळतं. आणि रस्ता चालू आहे का, हे पायथ्याच्या टपरीवर विचारायचं. ती सवय मोडू नये.

जुन्या गाडीत जे नाही ते स्क्रीननं येत नाही

आता मुद्द्यावर. चालकाच्या बाजूची एअरबॅग, मागचा पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना आणि सीटबेल्टचा बीप हे सगळं १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. एबीएस ब्रेकही साधारण त्याच सुमारास. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग तर २०२१ मध्ये. म्हणजे त्याच्या आधीच्या साध्या मॉडेलच्या बहुतेक गाड्यांत यातलं काही नाही. स्क्रीन लावली म्हणून गाडी आतून २०२५ ची वाटते, पण ब्रेक दाबल्यावर ती २०१० चीच असते. धोका इथं आहे. आतला थाट बघून माणूस वेगही नव्या गाडीचा धरतो.

एबीएस आणि एअरबॅग जुन्या गाडीत मागाहून बसवता येत नाहीत. पण टायर, ब्रेक, दिवे, सीटबेल्ट हे चार हातात आहेत. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर तो टायर कायद्यानंही बाद. टायरवर चार आकडी तारीख असते : २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी फार जुना टायर कडक होतो, पावसात पकड सोडतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं. हेडलाईटची पिवळी काच पॉलिश करून घ्यायची. मागचे बेल्ट सीटखाली दडलेले असतील तर बाहेर काढायचे.

स्क्रीनच्या बाजूनं एक गोष्ट मात्र पक्की सांगता येते : मागचा कॅमेरा. गाडी अंगणात मागं घेताना लहान पोर चाकाखाली येण्याच्या घटना गावोगाव झाल्यात. २०१९ आधीच्या गाडीला बहुतेक मागं सेन्सरही नाही. रिव्हर्स टाकला की मागचं दिसेल असा कॅमेरा, शक्य तर सेन्सरसह, हा स्क्रीनवरचा सगळ्यात कामाचा खर्च. स्क्रीन घ्यायचीच असेल तर कॅमेऱ्याशिवाय घेऊ नये. तरीही गाडी मागं घ्यायच्या आधी उतरून एकदा बघायचं, कारण चिखल उडालेल्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

साधारण २०१३ नंतरच्या गाडीला आणखी एक स्वस्त सोय आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी खाचेत छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं की इंजिनचा लाईट का लागलाय हे फोनवर कळतं. गॅरेजला जायच्या आधी दोष माहीत असला की बिल आपल्याला समजतं.

गाडी विकली, माहिती गेली

अँड्रॉइड सिस्टीम चालू करताना जीमेल मागते. लोक रोजच्या वापराचा आयडी घालतात. त्याच आयडीवर फोनबुक, फोटो असतात, बँकेचे मेल येतात. दोन वर्षांनी गाडी विकली जाते, आयडी आतच राहतो. नव्या मालकाला सगळे नंबर आणि घराचा पत्ता आयता मिळतो. म्हणून गाडीसाठी वेगळा आयडी काढावा, त्यात बँकेचं, यूपीआयचं ॲप टाकू नये, आणि विकताना सिस्टीम फॅक्टरी रिसेट करावी. फास्टॅगही बंद करून घ्यावा, नाहीतर टोल आपल्या खात्यातून जाणार.

याच वाटेनं दुसरी फसवणूक येते. ‘तुमच्या गाडीचं चलन बाकी आहे’ असा मेसेज आणि सोबत एपीके फाईल. ती उघडली की फोनचा ताबा जातो. परिवहन खातं व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही. चलन महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावरच बघायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

विम्याचं विसरू नका

कंपनीनं न बसवलेली इलेक्ट्रिकल वस्तू विमा कंपनीला सांगावी लागते. तिच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता पडतो. १२ हजारांच्या सिस्टीमला ४८० रुपये आणि वर कर. ते नोंदलं नाही तर चोरी झाल्यावर स्क्रीनचे पैसे मिळत नाहीत, आणि वायरिंगला आग लागली तर दाव्यात खुसपट निघू शकतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही, हेही लक्षात असावं. म्हणून पक्कं बिल घ्यायचं. बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि वॉरंटी नाही तर दुकानदार उद्या ओळखही देत नाही.

जबाबदारी कुणाची

आज अशी स्क्रीन कुणीही विकतो आणि कुणीही बसवतो. हँडब्रेकची वायर अर्थ केलीय का, जोड उघडे आहेत का, हे पासिंगला बारकाईनं बघितलं गेलं तर बसवणाऱ्यांनाही शिस्त लागेल. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीला पाच आणि दहा हजार फी घ्यायची, तर तपासणीही त्या तोलाची व्हावी, ही मागणी रास्त आहे. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी प्रशासन रोज काढतं. तीच माहिती नकाशा कंपन्यांपर्यंत वेळेत गेली तर बाहेरून येणारा माणूस वाचेल. आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावणं हे ट्रॅक्टरवाला आणि कारखाना दोघांचं काम. समोरच्याच्या स्क्रीनला नावं ठेवून ते टळत नाही.

बाकी राहतो मालक. त्याच्यासाठी क्रम असा :

१. टायर, ब्रेक, दिवे, वायपर, सीटबेल्ट. यात कमी असेल तर स्क्रीनचा विचार पुढच्या बिलाला.

२. होल्डर, चांगला चार्जर आणि ब्लूटूथ. बहुतेकांचं काम इथंच भागतं.

३. मागचा कॅमेरा.

४. मग स्क्रीन. कपलर लावून, योग्य फ्यूज घालून, पक्क्या बिलावर, आणि हँडब्रेकची वायर हँडब्रेकलाच जोडून.

आणि एक नियम, ज्याला पैसे लागत नाहीत : पत्ता घालायचा तो गाडी सुरू करायच्या आधी. वाटेत बदलायचा असेल तर शेजारी बसलेल्याला सांगायचं, एकटं असाल तर गाडी कडेला घ्यायची.